'चालकाची चूक' : दिनेश मोहन आणि रस्त्यावरच्या माणसाचा अभ्यास

खडीवाला
भाच्याचा फोन आला होता. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, एम.टेक. करायचंय आणि विषय घ्यायचाय रस्ते सुरक्षा. "मामा, ह्यात करिअर आहे का?" मागून बहिणीचा आवाज, "रस्त्यावर उभं राहून गाड्या मोजायला आयआयटीत कशाला जायचं म्हणावं!" दोघांनाही एकाच माणसाची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर टाकतो.

दिनेश मोहन. जन्म १९४५. आयआयटी मुंबईतून १९६७ साली मेकॅनिकलचे बी.टेक., मग डेलावेअरला मास्टर्स आणि मिशिगन विद्यापीठात बायोइंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. मिशिगनमध्ये हा यंत्रांचा इंजिनिअर काय करत होता? माणसाची महाधमनी ताणून बघत होता. मृतदेहातून घेतलेली पट्टी यंत्रात अडकवायची, सावकाश ओढायची, झटक्यात ओढायची आणि ती कधी फाटते ते मोजायचं. समोरासमोर धडकेत छातीवर ओरखडाही नसलेला माणूस आतल्या आत ही नळी फाटून जातो, म्हणून हा खटाटोप. मुलं उंचावरून पडली की डोक्याला किती मार बसतो, याचंही काम त्यांनी तिथेच केलं.

नंतर काही काळ ते अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेत होते. तिथले प्रमुख विल्यम हॅडन. पेशाने डॉक्टर. अमेरिकेच्या पहिल्या केंद्रीय रस्ते सुरक्षा खात्याचे पहिले मुख्याधिकारी. हॅडनचं म्हणणं साधं होतं: अपघाताला नशीब, पाप, बेशिस्त असल्या शब्दांत पकडू नका. शरीराला सोसवणार नाही इतकी ऊर्जा शरीरावर येते, एवढंच घडतं. मग ती ऊर्जा कुठे कुठे अडवता येईल बघा. धडकेआधी, धडकेत, धडकेनंतर. आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस, वाहन, परिसर. नऊ चौकटी. आपल्याकडे अजूनही नऊपैकी एकच चौकट भरली जाते, पहिल्या रांगेतली पहिली: धडकेआधीचा माणूस.

१९७९ मध्ये मोहन आयआयटी दिल्लीत आले आणि शेवटपर्यंत तिथलेच राहिले. सुरुवातीची कामं बघा: मळणीयंत्रात जाणारे हात. दिवाळीत भाजलेले लोक. कडबाकुट्टीत तुटलेली मुलांची बोटं. हे रस्ते सुरक्षेचं नाही असं कुणी म्हणेल, पण मला तर सगळं इथेच आहे असं वाटतं. मळणीच्या दिवसांत शेतकरी रात्र रात्र काम करतो, झोप अनावर असते, पेंढी आत ढकलताना हात आत जातो. अहवालात काय यायचं? निष्काळजीपणा. यांनी काय सुचवलं? पेंढी टाकायची घसरण लांब करा आणि वरून झाका, म्हणजे पेंगणाऱ्याचाही हात पात्यापर्यंत पोचणारच नाही. कडबाकुट्टीलाही तेच: पात्याला आच्छादन, चाकाला अडसर आणि हात रुळांकडे जाण्याआधी त्याला लागून इशारा देणारा एक जादा रूळ. शेतकऱ्याला 'जागा राहा' म्हणून पाठ्यपुस्तकात धडा घातला नाही.

तोच न्याय रस्त्याला.

मी महामार्गाच्या कामांवर १७ वर्षं आहे. एका ठिकाणी (जिल्हा सांगत नाही) एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला शाळा आणि बसथांबा. भुयारी मार्ग पाऊण किलोमीटर लांब आणि पावसाळाभर पाण्यात. लोक दुभाजक ओलांडायचे, मरायचे. कागदावर 'पादचाऱ्याची चूक'. उपाय म्हणून आम्ही दुभाजक उंच केला. पंधरा दिवसांनी बघितलं तर दोन्ही बाजूंना एकेक दगड ठेवलेला. पायरी म्हणून. गावाकडच्या बाजूचा जरा मोठा होता, कारण तिकडून म्हाताऱ्या चढायच्या. तो दगड मी हलवला नाही. आमच्या आराखड्यावरचा सगळ्यात खरा शेरा तोच होता.

तर भाच्या, करिअर आहे. पण तुला दगड वाचता आला पाहिजे.

निवांत_पाटील
झकास धागा. महाधमनीचा किस्सा माहीत नव्हता. वाचतोय.

सदाशिवपेठी
सगळं ठीक, पण माणसाची चूक नसतेच असं म्हणायचं आहे का? आमच्या गल्लीत उलट्या दिशेने बुलेट घालणाऱ्याला कुठल्या आराखड्याने भाग पाडलं? शिस्त नावाची गोष्ट आहे की नाही? अमेरिकेच्याच सरकारी अभ्यासात ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात असं आहे. आणि हो, हेल्मेटसक्तीची वकिली सुरू होण्याआधीच सांगतो, माझा विरोध आहे.

खडीवाला
@सदाशिवपेठी, तो ९४ टक्क्यांचा आकडा मला माहीत होता येणार म्हणून. २०१५ साली एनएचटीएसएने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रस्ते सुरक्षा संस्थेने, काढलेल्या दोन पानी टिपणातला आहे. त्याच टिपणात असंही स्पष्ट म्हटलंय की हे घटनांच्या साखळीतलं शेवटचं कडं आहे, याला अपघाताचं कारण किंवा कुणाचा दोष समजू नये. पण आकडा सगळीकडे पोचला, ते वाक्य मागे राहिलं. स्वयंचलित गाड्या विकणाऱ्यांना तर तो फारच सोयीचा पडला.

आपल्याकडचं बघ. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, सरकारी आकडा. त्यातले सत्तर टक्क्यांच्या वर 'अतिवेग' या रकान्यात. आता वेग मोजला कुणी? पंचनामा करायला हवालदार पोचतो तेव्हा गाडी उभी असते. पूर्वी तर 'चालकाची चूक' असा थेट रकाना असायचा आणि पाऊणहून अधिक अपघात त्यातच टाकलेले असायचे. मोहन आणि त्यांच्या सहकारी गीतम तिवारी यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवलं की या तक्त्यांवर धोरण उभं करता येत नाही. पादचाऱ्यांचे मृत्यू त्यात किती कमी दिसतात हे त्यांनी मूळ एफआयआर वाचून काढलं. हो, पोलीस ठाण्यात बसून, हाताने लिहिलेली. करिअर हे असं असतं.

बुलेटवाल्याबद्दल: तो चुकतो, मान्य. माझा प्रश्न पुढचा आहे. तो चुकल्यावर समोरच्या आजीने मरावं का?

डॉ_कुरडई
अस्थिरोग विभागात वीस वर्षं काढली आहेत. 'हेल्मेटने मान मोडते', 'ऐकू येत नाही', 'केस जातात' या तिन्हींवर मी पुण्यातच सगळ्यात जास्त व्याख्यानं ऐकली, बहुतेक पेशंटच्या नातेवाइकांकडून. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आहे: हेल्मेटने मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. मान मोडण्याचं प्रमाण वाढतं असं त्यात कुठे दिसत नाही.

@सदाशिवपेठी, विरोध खुशाल ठेवा. पट्टा मात्र लावा. आमच्याकडे येणारी निम्मी हेल्मेटं पेशंटच्या आधीच उडून गेलेली असतात.

सदाशिवपेठी
डॉक्टर, पट्टा लावतो. बायकोने सांगितलंय म्हणून, कायद्याने नव्हे.

सिम्युलेटरवाली
मी याच क्षेत्रात पीएच.डी. करतेय, त्यामुळे आले. खडीवालांनी मोहन यांची बाजू छान मांडली, पण 'चालकाचं वर्तन' हा आमचा विषय इतका वाऱ्यावर सोडू नका! या विषयात दोन घराणी आहेत म्हणा ना. एक हॅडन–मोहन यांचं: माणूस बदलणार नाही, भोवताल बदला. दुसरं मानसशास्त्राचं. कॅनडातले जेराल्ड वाइल्ड म्हणायचे की प्रत्येकाला ठराविक जोखीम मान्यच असते. गाडी सुरक्षित केलीत की तो वेग वाढवून ती जोखीम पुन्हा भरून काढतो. त्यांचं लाडकं उदाहरण म्युनिकच्या टॅक्सींचं. काही टॅक्सींना एबीएस ब्रेक (जोरात दाबले तरी चाकं अडकून घसरत नाहीत असे) दिले, काहींना नाही. अपघात जवळपास सारखेच, पण एबीएसवाले वळणं जोरात घ्यायला आणि करकचून ब्रेक मारायला लागले होते.

मोहन यांना हे पटत नसे आणि हेल्मेट, सीटबेल्टच्या बाबतीत त्यांचंच बरोबर निघालं. फ्लॉरिडाने २००० साली मोठ्यांसाठी हेल्मेटसक्ती उठवली तर मोटरसायकलवरचे मृत्यू वाढले. वाइल्ड यांच्या हिशेबाने लोकांनी सांभाळून चालवायला हवं होतं. पण घाटातला रस्ता रुंद आणि गुळगुळीत केला की वेग वाढतो, हे कोण नाकारेल? माणूस काहीतरी भरून काढतोच. किती आणि कुठे, हा खरा प्रश्न. आमचं पोट त्यावर चालतं.

रोजचं काम विचाराल तर फार शोभेचं नाही. सिम्युलेटर म्हणजे गाडीची सीट, स्टिअरिंग, पेडल, समोर तीन पडदे. माणसाला बसवायचं, फोनवर बोलायला लावायचं आणि पुढची गाडी अचानक थांबवायची. पाय ब्रेकवर किती मिलिसेकंदांनी गेला ते बघायचं. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी याच धाटणीच्या प्रयोगांतून दाखवलं की फोन कानाला असो की हँड्सफ्री, फरक पडत नाही, कारण गुंतलेला असतो तो मेंदू. आमचं वेगळंच दुखणं: दर पाच-सहा जणांत एकाला त्या पडद्यांसमोर मळमळतं. खोलीत एक बादली कायम ठेवलेली असते. पाहुणे आले की ती लपवणं हेही संशोधक विद्यार्थ्याचंच काम.

भाच्याला सांगा, सांख्यिकी पक्की करून ये.

निवांत_पाटील
बादली! :)) दंडवत.

डेल्फ्टकर
इथे नेदरलँड्समध्ये अकरा वर्षं झाली. हान्स मॉन्डरमन यांचं नाव आलं नाही म्हणून लिहितो. तेही रस्त्यांचे इंजिनिअर, २००८ मध्ये गेले. द्राख्टन गावातल्या मोठ्या चौकातले सिग्नल, पाट्या, पट्टे त्यांनी काढून टाकले. रोजची वीसेक हजार वाहनं. म्हणाले, पाट्या काढल्या की माणसं एकमेकांच्या डोळ्यांकडे बघतात. पत्रकार आले की हे गृहस्थ पाठमोरे चालत सरळ वाहतुकीत शिरायचे. गाड्या थांबायच्या.

हे वाचून पुण्यातला एक मित्र म्हणाला, "मग आम्ही तर मॉन्डरमनच्या पुढे आहोत, आमच्याकडे पाट्या कधीच नव्हत्या." हसलो, पण मेख वेगळीच आहे. त्या चौकात गाडी पोचते तीच मुळात तीसच्या आत. रस्ताच तसा बांधलाय: अरुंद, विटांचा, वळणाचा. डोळ्यांत बघायला वेळ मिळाला पाहिजे ना. साठने येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या डोळ्यांत कोण बघणार?

खडीवाला
@सिम्युलेटरवाली, मान्य, तुमच्या घराण्यावर जरा अन्याय झाला. बादलीबद्दल विशेष आभार.
@डेल्फ्टकर, वेगाचा मुद्दा नेमका. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका साधारण चार टक्के वाढतो. वेगाच्या पाट्या लावून वेग उतरत नाही, हे मी स्वतः शेकडो पाट्या लावून सांगतो.

कात्रज_स्वारगेट
मोहन यांचं नाव मी ऐकलं ते दिल्ली बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेच्या, भांडणात. त्यावर कुणी बोलतच नाहीये. तो प्रकल्प फसला हे मान्य करणार की नाही? शेवटी उखडलाच ना?

खडीवाला
बोलतो. तो त्यांच्या करिअरमधला सगळ्यात कडू भाग आहे.

आंबेडकर नगर ते मूलचंद, सहा किलोमीटरच्या आत-बाहेर, २००८ मध्ये सुरू झाला. रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी मार्गिका, कडेला सायकल आणि पादचाऱ्यांना जागा. आराखडा आयआयटीच्या गटाचा. पहिल्या दिवसापासून टीव्हीवर एकच चित्र: सिग्नलला तुंबलेल्या गाड्या आणि शेजारी रिकामी दिसणारी बस मार्गिका. रिकामी दिसणारच, बस निघून गेलेली असते! त्या रस्त्यावरून जाणारी निम्म्याहून अधिक माणसं बसमध्ये होती, पण कॅमेऱ्यात माणसं मोजली जात नाहीत, गाड्या मोजल्या जातात. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०१२ मध्ये न्यायालयाने बीआरटीच्या बाजूने निकाल दिला. तरी पुढे सरकार बदललं आणि मार्गिका उखडली.

फसला का? माझं मत: आराखड्यात दोष होते. सिग्नलची चक्रं फार लांब होती, बसथांबे चौकाला चिकटून होते आणि बसथांब्यापर्यंत पोचायला भरधाव गाड्यांमधून जावं लागायचं, ज्याबद्दल मोहन यांनी दुसऱ्या कुणालाही सोडलं नसतं. पण तुकडाच इतका छोटा बांधून 'बघा चालत नाही' म्हणणं म्हणजे विहीर दहा फूट खणून पाणी नाही म्हणण्यासारखं. मोहन स्वतः काही मऊ माणूस नव्हते. टीका करणाऱ्यांना ते सरळ 'तुम्ही गाडीवाल्यांचे वकील' या थाटात उत्तर द्यायचे, वर्तमानपत्रांत लिहायचे. मित्र कमी झाले. जरा गोडीत घेतलं असतं तर बीआरटी वाचली असती का? कोण जाणे. गोडीत घेणारे खूप बघितलेत, त्यांची कामं फायलीत असतात.

मजा म्हणजे आयआयटीतलं त्यांचं अध्यासन हेन्री फोर्डच्या नावाचं होतं.

कात्रज_स्वारगेट
विहिरीचा दाखला आवडला. आमच्या पुण्यात सातारा रस्त्यावर २००६ च्या डिसेंबरात बीआरटीची पहिली विहीर खणली होती, दिल्लीच्याही आधी. आता तिथून रोज जातो, म्हणून हळवा झालो.

भाचा_२२
मामांनी लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. पहिलाच प्रतिसाद आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. पैसे किती मिळतात हे कुणीच लिहिलं नाही. आईचा तोच प्रश्न आहे.

सिम्युलेटरवाली
@भाचा_२२, स्वागत. पीएच.डी.ला शिष्यवृत्तीवर भागतं, हौस भागत नाही. पुढे प्राध्यापकी; दिल्लीत सीआरआरआय (रस्ते संशोधन संस्था); पुण्याकडे भोसरीत सीआयआरटी (रस्ते परिवहन संस्था), शिवाय वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय. अपघात झाला की जागेवर जाऊन टायरच्या खुणा, काचा, गाडीचं चेपणं मोजणारे खासगी गटही आहेत; मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर असं काम बरंच झालंय. रस्त्यांचं सुरक्षा ऑडिट करणाऱ्या सल्लागार कंपन्या पैसे बरे देतात, पण तिथे 'अहवाल जरा सौम्य करा' हे वाक्य ऐकायची तयारी ठेव.

खडीवाला
त्या शेवटच्या वाक्याला दोन्ही हातांनी +१. एकदा आमच्या ऑडिटमधला 'धोकादायक' हा शब्द वरून परत आला तेव्हा 'सुधारणेस वाव' झाला होता. कुणाकडून ते सोडा.

एक बदल मात्र झालाय. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ कलम आलं: रस्त्याच्या आराखड्यात, बांधकामात किंवा देखभालीत मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे. पण 'चालकाची चूक' सोडून दुसरा एक रकाना कायद्यात आला. मोहन यांनी तो बघितला. २१ मे २०२१ ला, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले.

ट्रकवाल्याचा_मुलगा
नेहमी फक्त वाचतो, आज लिहितो. वडिलांनी तीस वर्षं ट्रक चालवला. सोलापूरकडे एका डिसेंबरात, दिवस मावळल्यावर, उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा नाही, लाल परावर्तक नाही, ऊस बाहेर आलेला. समोरून गाडीचा प्रखर उजेड. ट्रॉलीवर बसलेला मजूर गेला. मागून धडकला तो दोषी, या हिशेबाने गुन्हा वडिलांवर. कलम २७९ आणि ३०४अ: बेदरकार वाहन चालवणं आणि निष्काळजीपणाने मृत्यू. सात वर्षं तारखा. सुटले, पण नंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यांना त्या मजुराचं नाव अजून पाठ आहे.

काल रात्री हा धागा त्यांना वाचून दाखवला. मळणीयंत्राचा भाग दोनदा वाचायला लावला. मग बराच वेळ गप्प. शेवटी विचारलं, "त्या प्रोफेसरनं ट्रॉलीचं काही केलं का?"

खडीवाला
काय लिहू कळत नाही. वडिलांना नमस्कार सांग. ट्रॉलीचं त्यांनी केलं का हे मला सांगता येणार नाही; परावर्तकाचा नियम आहे, कारखाने हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या वाटतातही. किती ट्रॉल्यांवर हंगामभर टिकतात, हे मोजायला हवं.

ट्रकवाल्याचा_मुलगा
(चार दिवसांनी)
त्यांनी मोजल्या. आज संध्याकाळी न सांगता फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले होते. माझ्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीत मागच्या पानावर रेघा मारून आणल्यात. सहा ते साडेसात: ट्रॉल्या १४. पट्टी दिसली ४ ना. एकीची पट्टी होती पण उसाच्या वाढ्याखाली झाकलेली, ती त्यांनी कशात धरायची कळेना म्हणून वेगळी, कडेला लिहिलीय.

सिम्युलेटरवाली
ती कडेची पाचवी नोंद खोडू नका म्हणावं. आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं तीच खोडतात.

खडीवाला
उद्या बसले तर भरलेली की रिकामी, जोडलेल्या किती आणि अंधार कधी पडला, हेही लिहायला सांग. आणि भाच्या, रविवारी तू त्या फाट्यावर जा. वही नवी घेऊन जा, त्या पोरीची चित्रं आहेत त्यात.

भाचा_२२
जातो मामा. आईला 'गाड्या मोजायला' म्हणून सांगत नाही.